कापलेले पान आणि मागे घेतलेले पुस्तक : माँटेस्क्यूचा रोम



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, ते आयुष्यभर ग्रंथपाल होते. जुन्या पुस्तकाची नुसती नवी आवृत्ती वाचून गप्प बसू नये, पहिली आवृत्ती मिळाली तर तीही शेजारी उघडून ठेवावी, असा त्यांचा आग्रह असे. त्या आग्रहाला धरूनच आज मी एका पुस्तकाबद्दल बोलणार आहे. पुस्तक 1734 सालचे. छापले गेले अ‍ॅम्स्टरडॅममध्ये, जाक देबोर्द या प्रकाशकाच्या नावाने. भाषा फ्रेंच. विषय प्राचीन रोम: रोमन लोक मोठे का झाले, आणि पुढे त्यांचा ऱ्हास का झाला, याचा विचार. प्रकरणे 23. आकार लहान, एका हातात धरून वाचता येईल असा. पहिल्या पानावर पुस्तकाचे नाव आहे, गावाचे आहे, दुकानदाराचे आहे, रोमन आकड्यांत सालही आहे. लेखकाचे नाव मात्र कुठेही नाही.

लेखक होते शार्ल-लुई द सेकोंदा, ला ब्रेदचे जहागीरदार. जग त्यांना माँटेस्क्यू म्हणून ओळखते. आपल्याकडे हे नाव राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला भेटते. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ एकाच्या हाती नसावे, एवढे एक वाक्य पाठ करून विद्यार्थी पुढे जातो. ते ज्या ग्रंथात आहे तो ‘कायद्यांचे मर्म’ 1748 सालचा. त्याच्या चौदा वर्षे आधी या माणसाने रोमवर पुस्तक लिहिले, आणि माझ्या मते पुढच्या मोठ्या ग्रंथाची गुरुकिल्ली त्यात आहे. ते वाचल्याशिवाय माँटेस्क्यूला सत्तेची एवढी धास्ती का वाटत होती, हे समजत नाही.

माणूस खानदानी होता. जन्म 1689 चा, बोर्दो शहराजवळच्या ला ब्रेदच्या गढीत. गढीभोवती पाण्याचा खंदक, पलीकडे द्राक्षाचे मळे. त्या मळ्यांची वाइन विकून घर चाले. काकांकडून वारशाने बोर्दोच्या उच्च न्यायालयातले अध्यक्षपद मिळाले. त्या काळी फ्रान्समध्ये अशी पदे विकत मिळत आणि विकताही येत. दहा वर्षे ते पद सांभाळून 1726 मध्ये त्यांनी ते विकले. 1728 मध्ये फ्रेंच अकादमीत निवड झाली, आणि त्याच वर्षी ते प्रवासाला निघाले: व्हिएन्ना, हंगेरी, इटली, जर्मनी, हॉलंड, आणि शेवटी इंग्लंड. 1729 मधले काही महिने खुद्द रोममध्ये गेले. 1731 मध्ये गढीवर परतल्यावर ते आपल्या ग्रंथालयात बसले. तीन हजारांवर पुस्तकांचे ते ग्रंथालय होते. तिथे लिव्ही, पॉलिबियस, सॅलस्ट, टॅसिटस, अ‍ॅपियन समोर ठेवून त्यांनी हे पुस्तक लिहिले.

आता प्रश्न असा की बोर्दोच्या माणसाने, फ्रेंच अकादमीच्या सभासदाने, आपले पुस्तक अ‍ॅम्स्टरडॅमला का छापावे? आणि तेही बिननावी?

फ्रान्समध्ये पुस्तक उघडपणे छापायचे तर राजाचा परवाना लागे. परवान्याआधी सरकारी तपासनीस हस्तलिखित वाचत. हॉलंडमध्ये तसा जाच नव्हता. शिवाय 1685 मध्ये चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना दिलेले संरक्षण काढून घेतल्यापासून फ्रेंच बोलणारे हजारो निर्वासित हॉलंडमध्ये स्थिरावले होते, आणि त्यांतल्या कित्येकांनी छापखाने आणि पुस्तकांची दुकाने काढली होती. त्यामुळे फ्रेंच भाषेतली निम्मी धीट पुस्तके हॉलंडमध्ये छापून चोरवाटांनी फ्रान्समध्ये येत. माँटेस्क्यूचे पहिले गाजलेले पुस्तक, 1721 चे ‘पर्शियन पत्रे’, असेच आले होते.

सालही लक्षात घ्या. 1734. याच वर्षी व्हॉल्टेअरची इंग्लंडविषयीची पत्रे प्रसिद्ध झाली. पॅरिसच्या न्यायालयाने ते पुस्तक जाहीरपणे जाळण्याचा हुकूम दिला, आणि अटक टाळण्यासाठी व्हॉल्टेअरला राजधानी सोडावी लागली. इंग्लंडमध्ये लोक कसे राहतात, कर कसे भरतात, देवाला कसे भजतात, एवढे लिहिले तरी पुस्तकाची होळी होत असे. माँटेस्क्यू हे सारे पाहत होते.

आता पुस्तक उघडून बाराव्या प्रकरणाच्या शेवटाकडे या. सीझरचा खून झाला आहे. त्याच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटस आणि कॅसियस यांनी लढाई हरल्यावर, खरे तर पुरती हरण्याच्या आतच, स्वतःचा प्राण घेतला. माँटेस्क्यू इथे थांबतात आणि विचारतात: रोमन थोर माणसांत आत्महत्येची ही रीत इतकी का रुजली होती? ते कारणे देतात: स्टोइक पंथाची शिकवण, विजयमिरवणुकीत साखळदंड घालून फिरवले जाण्याची लाज, मृत्यूनंतर मिळणारा मान. पहिल्या छपाईच्या प्रतींत याच ठिकाणी एक तळटीप होती. इंग्लंडचा पहिला चार्ल्स आणि दुसरा जेम्स हे आत्महत्येची मुभा देणाऱ्या धर्मात वाढले असते, तर एकाला तसले मरण आणि दुसऱ्याला तसले जिणे सोसावे लागले नसते, असा तिचा आशय. चार्ल्सचे डोके 1649 मध्ये कुऱ्हाडीने उडवले गेले. जेम्स 1688 मध्ये पळाला आणि चौदाव्या लुईचा पाहुणा म्हणून पॅरिसजवळ झुरत 1701 मध्ये वारला.

दोनच ओळी, पण त्या काळच्या फ्रान्समध्ये त्या स्फोटक होत्या. आत्महत्या हे पाप तर होतेच, शिवाय गुन्हाही होता. 1670 च्या फौजदारी कायद्याप्रमाणे मेलेल्या माणसाच्या प्रेतावर खटला चालवता येई, त्या प्रेताची विटंबना करता येई, मालमत्ता जप्त करता येई. त्यात एक राजा फ्रान्सच्या राजघराण्याचा पाहुणा. पुस्तकाची मुद्रिते पाहणारे फादर कास्तेल हे जेझुइट पंथाचे विद्वान होते. रंगांचे संगीत वाजवणारे वाद्य बनवण्याच्या कल्पनेसाठी पुढे ते युरोपभर ओळखले गेले. धर्माच्या बाबतीत अडचण होईल अशा जागा त्यांनी लेखकाच्या नजरेस आणल्या. आणि मग पाने कापली गेली.

ही पाने कशी कापत, हे नीट सांगतो. त्या वेळी खिळे हाताने जुळवत. मोठ्या कागदाच्या एका बाजूवर अनेक पाने एकदम छापत, मग कागद उलटून दुसरी बाजू, मग घड्या घालून एक फर्मा तयार होई. फर्मा छापून झाल्यावर चूक कळली, किंवा भीती वाटली, तर सगळा फर्मा टाकून देणे परवडत नसे, कारण कागद चिंध्यांपासून हाताने बनवलेला आणि महाग होता. मग तेवढे एक पान कात्रीने कापत. शिवणीजवळ बोटाच्या पेराएवढी पट्टी ठेवत, आणि नव्याने जुळवून छापलेले पान त्या पट्टीला खळीने चिकटवत. मजकूर बदलला तरी पानाची सुरुवात आणि शेवट जुन्याच शब्दांवर यावा लागे, म्हणून जुळारी ओळी सैल करी किंवा आवळून बसवी. म्हणून जुन्या पुस्तकांचा जाणकार अशी प्रत हाती आल्यावर आधी मजकूर वाचत नाही. तो पान उजेडासमोर धरतो, शिवणीत बोट घालून ती पट्टी चाचपतो, कागदातल्या आडव्या-उभ्या रेषा शेजारच्या पानाशी जुळतात का ते बघतो. ती तळटीप असलेल्या प्रती आज संग्राहक मुद्दाम शोधतात आणि जपतात. माझी कळकळ किमतीपुरती नाही. आज्ञाधारक नव्या पानाच्या जागी आधी जुने धीट पान होते, एवढी साक्ष ती पट्टी देते. सत्तेच्या दडपणाचा पुरावा इतक्या सरळ, बोटाला लागणाऱ्या रूपात इतिहासात फार क्वचित मिळतो.

आता पुस्तक काय म्हणते ते पाहू.

रोम कसा मोठा झाला? माँटेस्क्यू सुरुवात करतात ती रोमन लोकांच्या एका सवयीपासून. शत्रूकडे आपल्यापेक्षा चांगले काही दिसले की ते उचलायचे, लाज बाळगायची नाही. सबाइन लोकांची ढाल मोठी होती, रोमने ती घेतली. स्पेनची तलवार चांगली होती, ती घेतली. मग शिस्त: साठ पौंड ओझे पाठीवर घेऊन पाच तासांत वीस मैल चालण्याचा सराव. आणि तिसरे, ज्यावर ते फार भर देतात: जमिनीची वाटणी. प्रत्येकाकडे थोडी जमीन, म्हणून प्रत्येकाला राखायला काहीतरी आहे, आणि म्हणून प्रत्येक शेतकरी शिपाई. ज्या राज्यात थोड्यांकडे सगळे आणि बाकीच्यांकडे काही नाही, तिथे चांगली फौज उभी राहू शकत नाही, असे ते स्वच्छ लिहितात. फ्रान्समधल्या वाचकाने इकडे-तिकडे पाहावे म्हणूनच हे लिहिले आहे.

हा कणखरपणा पराभवातही दिसतो. इ.स.पू. 216 मध्ये कानी येथे कार्थेजच्या हॅनिबलने रोमची फौज जवळजवळ समूळ कापली. त्यानंतर सिनेटने काय केले, ते पाहा. बायकांना रस्त्यावर येऊन रडायला बंदी. हॅनिबलने कैद्यांसाठी खंडणी मागितली, ती नाकारली. त्याऐवजी सरकारी पैशाने आठ हजार गुलाम विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रे दिली. रणांगणातून जिवंत परतलेल्यांना सिसिलीला धाडले, इटलीत लढाई चालू असेपर्यंत परत यायचे नाही. आणि हरलेला सेनापती व्हॅरो शहरात आला तेव्हा, प्रजासत्ताकाबद्दल त्याने आशा सोडली नाही म्हणून त्याचे आभार मानले. तहाचा शब्दही कोणी काढला नाही. मला हा भाग वाचताना दर वेळी थक्क व्हायला होते, आणि त्याच वेळी थोडी भीतीही वाटते. आपल्याच कैद्यांना असे वाऱ्यावर सोडणारे राज्य दुसऱ्यांना कसे वागवेल?

त्याचे उत्तर सहाव्या प्रकरणात आहे. जिंकण्याच्या रोमन पद्धतीवरचे हे प्रकरण या पुस्तकाचे हृदय आहे. रोम हरल्यावर तह करत नसे. मोठ्या शत्रूशी लढताना शेजारच्या छोट्यांना मित्र म्हणवून घ्यायचे, त्यांच्याकडून आपली लढाई लढवून घ्यायची, मोठा शत्रू पडला की त्या मित्रांचा नंबर. दोन राज्यांत तंटा झाला की मध्यस्थ व्हायचे. हरलेल्या राजाची मुले ओलीस ठेवायची, मग एखाद्या दिवशी त्यांतल्याच एकाला गादीचा हक्कदार म्हणून पुढे करायचे.

या पद्धतीचा एक नमुना पाहा. इ.स.पू. 168 मध्ये सीरियाचा राजा अँटिओकस फौज घेऊन अलेक्झांड्रियाच्या वेशीवर पोचला होता. रोमचा वकील पोपिलियस भेटीला आला. राजाने हात पुढे केला, वकिलाने हातात हात न देता सिनेटचा हुकूम ठेवला: मिसर सोड. राजा म्हणाला, सल्लागारांशी बोलतो. पोपिलियसने हातातल्या काठीने राजाभोवती वाळूत एक वर्तुळ काढले आणि सांगितले, यातून पाऊल बाहेर टाकण्याआधी उत्तर दे. राजाने माघार घेतली. एक काठी, थोडी वाळू, आणि मागे अदृश्य अशा पंचवीस लढायांची दहशत.

कार्थेजचे प्रकरण याहून भयंकर. इ.स.पू. 149 मध्ये रोमने वचन दिले की कार्थेजच्या लोकांना त्यांचे कायदे, त्यांचे स्वातंत्र्य, त्यांची जमीन राहील. तीनशे मुले ओलीस मागितली, दिली. सगळी शस्त्रे मागितली. गाड्याच्या गाड्या भरून दिली. मग सांगितले, आता शहर सोडा आणि समुद्रापासून दहा मैल आत जाऊन राहा. व्यापारावर जगणाऱ्या बंदराला समुद्र सोडायला सांगणे म्हणजे मरायला सांगणे. लोकांचे रक्षण करू असे वचन होते, शहर राखू असे कोणी म्हटले नव्हते, हा रोमचा युक्तिवाद. तीन वर्षांनी कार्थेज बेचिराख झाले. वसईचा 1802 चा तह आणि तैनाती फौजेची कलमे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना सहावे प्रकरण अनोळखी वाटणार नाही.

आणि मग नववे प्रकरण येते, आणि पुस्तक उलटते. ज्या गोष्टींनी रोम मोठा झाला त्याच गोष्टींनी तो बुडाला, हे माँटेस्क्यूंचे म्हणणे. चैन आली, नीती बिघडली, म्हणून राज्य गेले, असे कारण जुने लेखकही देत. माँटेस्क्यू ते नाकारत नाहीत, पण त्यावर थांबत नाहीत. ते रचनेकडे बोट दाखवतात. लढाया इटलीत होत्या तोवर शिपाई हा नागरिक होता. उन्हाळ्यात लढे, हिवाळ्यात शेतावर येई. फौजा आल्प्स ओलांडून, समुद्र ओलांडून गेल्या, वर्षानुवर्षे परमुलखात राहिल्या, तेव्हा शिपायाला रोम दिसेनासा झाला. दिसत होता फक्त सेनापती. जमीन देणारा तोच, लूट वाटणारा तोच. मग ते रोमचे शिपाई राहिले नाहीत. सुल्लाचे झाले, पाँपीचे झाले, सीझरचे झाले. प्रांतावर फौज घेऊन बसलेला माणूस आपला सेनापती आहे की शत्रू, हे रोमला कळेना.

दुसरीकडे शहर. इ.स.पू. 91 मध्ये इटलीतली मित्रराज्ये नागरिकत्वासाठी बंड करून उठली. शेवटी त्यांना ते द्यावे लागले. मतदानाला लांबलांबून झुंडी येऊ लागल्या. एक शहर चालवण्यासाठी घडलेले कायदे अर्ध्या जगावर लादले गेले आणि मोडले. माँटेस्क्यूंचा निष्कर्ष असा की ते कायदे राज्य वाढवण्यासाठी उत्तम होते, वाढलेले राज्य चालवण्यासाठी नव्हते.

याच प्रकरणात एक विचार आहे जो मला या पुस्तकातला सर्वांत मोलाचा वाटतो. इतिहासकार म्हणत आले की रोम भांडणांनी बुडाला. माँटेस्क्यू म्हणतात, ती भांडणे तर असायलाच हवी होती. रणांगणावर एवढे धीट असलेले लोक घरात मान खाली घालून राहतील, अशी अपेक्षाच चूक. स्वतःला प्रजासत्ताक म्हणवणाऱ्या राज्यात सगळे गप्प दिसले, तर तिथे स्वातंत्र्य उरलेले नाही असे समजावे. हुकूमशाहीतला एकोपा त्यांना प्रेतांच्या एकोप्यासारखा वाटतो, शेजारी शेजारी पुरलेल्या. सगळ्या फ्रान्सला एका सुरात बोलायला लावणारा चौदावा लुई जाऊन वीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हा हे लिहिले गेले आहे. सम्राट टायबेरियसवरच्या प्रकरणात ते आणखी पुढे जातात: कायद्याचे नाव घेऊन, न्यायाचा रंग देऊन जो जुलूम होतो त्याहून क्रूर जुलूम नाही. टायबेरियसने जुनाच राजद्रोहाचा कायदा वापरला होता. कायदा केला होता राज्याच्या रक्षणासाठी. आता एखादा उद्गार, एखादी खूण, एखादा विचारही गुन्हा ठरू लागला.

माँटेस्क्यूंच्या आधी फ्रान्समध्ये रोमवरचे सर्वमान्य पुस्तक बिशप बोस्युए यांचे होते, 1681 चे. त्यात साम्राज्ये उठतात आणि पडतात ती ईश्वराच्या योजनेने. माँटेस्क्यू रोमचा इतिहास सांगताना ईश्वराला मध्ये आणत नाहीत, आणि नशिबालाही आणत नाहीत. अठराव्या प्रकरणात ते ठामपणे सांगतात की जगावर नशीब राज्य करत नाही. प्रत्येक राज्यात काही सर्वसाधारण कारणे काम करत असतात, काही नैतिक, काही भौतिक. तीच राज्याला वर चढवतात, टिकवतात, पाडतात. एखाद्या लढाईच्या योगायोगाने राज्य गेले, तर त्या राज्याला एका लढाईत जायला लावणारे सर्वसाधारण कारण आधीच तिथे होते.

मराठी माणसाने हे वाचले की पानिपत आठवणारच. राजवाड्यांपासून शेजवलकरांपर्यंत आपल्या इतिहासकारांनी त्या एका दिवसावर केवढी बुद्धी खर्च केली आहे, आणि ती खर्च करायलाच हवी होती. पण माँटेस्क्यूंची कसोटी लावली तर काय दिसते? 1761 मध्ये सबंध पिढी कापली गेली, आणि दहा वर्षांत, 1771 मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत होते. म्हणजे त्या पराभवाने राज्य बुडाले नाही. ते 1818 मध्ये बुडाले. 1761 ने जे केले नाही ते 1818 ने का केले, याचे उत्तर लढाईच्या नकाशात सापडत नाही. ते सरदारांच्या आपापल्या फौजांत, त्या फौजांच्या पगारात, महसुलाच्या वाटणीत आणि पुण्याच्या कारभारात शोधावे लागते. नवव्या प्रकरणातला शिपाई आणि सेनापती डोळ्यांसमोर ठेवला तर हा शोध कुठून सुरू करायचा ते कळते.

आणखी एक दुवा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माँटेस्क्यूंचा रोमवरचा पहिला निबंध 1716 चा, बोर्दोच्या अकादमीत वाचलेला. विषय: रोमन लोकांचे धर्मातले राजकारण. शुभाशुभ शकुन पाहण्याचा अधिकार उच्च कुळांच्या हाती होता, आणि त्या जोरावर नकोशी सभा मोडता येई, नकोसा ठराव पुढे ढकलता येई, हे त्यात उलगडून दाखवले आहे. आता 1936 मध्ये या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ हे भाषण लिहिले. त्यात रोमच्या सामान्य जनांची, प्लेबियनांची, गोष्ट येते. प्लेबियनांनी झगडून आपला कॉन्सल, म्हणजे राज्याचा वरिष्ठ अधिकारी, निवडण्याचा हक्क मिळवला. पण निवड देवीच्या कौलाने मंजूर व्हावी लागे आणि कौल सांगणारे पुजारी उच्च वर्गाचे, म्हणून खरा खमका प्लेबियन कधीच कॉन्सल होऊ शकला नाही, असे बाबासाहेब मांडतात. राजकीय हक्क मिळाला तरी धर्माची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असेल तर तो हक्क पोकळ राहतो. दोघे दोन शतकांच्या अंतरावर, अगदी वेगळ्या हेतूंनी, एकाच जागी पोचले. त्या भाषणाचे पुढे काय झाले, हे आपण जाणतो. मंडळाला काही भाग नको होता, बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि न झालेले भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. माँटेस्क्यूंनी पान कापू दिले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण या दोन पुस्तकांत अधिक धीट कोणते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आणि त्यांनी नुसते पान कापू दिले असे नाही, एक सबंध पुस्तक मागे घेतले. रोमवरच्या ग्रंथाबरोबरच त्यांनी एक लहान निबंध छापायला दिला होता: युरोपात सार्वभौम राजेशाही शक्य आहे का, यावर. तो छापून झाला. मग त्यांनी तो दाबून टाकायला सांगितले. काही जागांचा चुकीचा अर्थ लावला जाईल अशी भीती वाटली, असे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. एकच छापील प्रत उरली, त्यांच्याच घरात, त्यांच्याच दुरुस्त्यांसह. जगापुढे तो निबंध आला 1891 मध्ये, म्हणजे 157 वर्षांनी.

त्यात काय होते? रोमने जे केले ते आता युरोपात कोणालाच करता येणार नाही, आणि कोणी करू पाहील तर तो स्वतःच कंगाल होईल. आता लढाई पैशाने होते, आणि जिंकणारा हरणाऱ्याइतकाच खचतो. शस्त्रे, युक्त्या, कवायत सगळ्यांना ठाऊक आहेत. संपत्ती व्यापाराबरोबर फिरते, ती कुठल्या एका किल्ल्यात कोंडून ठेवता येत नाही. स्पेनने अमेरिकेतले सोने-चांदी आणून काय मिळवले? युरोप म्हणजे अनेक राष्ट्रांचे बनलेले एक राष्ट्र आहे. शेजाऱ्याला बुडवून आपण वाढू असे मानणारे राज्य बहुधा आपल्यालाच दुबळे करते. प्रत्येक राजा लढाई नसतानाही फौजा वाढवतो, शेजारी घाबरून तेच करतो, आणि याला शांतता म्हणतात: हे निरीक्षणही त्यात आहे. चौदाव्या लुईला सगळा युरोप जिंकता आला असता तर त्याहून मोठे संकट फ्रान्सवर आले नसते, हा त्यातला सर्वांत बोचरा विचार. तो आणि असे बरेच विचार त्यांनी पुढे ‘कायद्यांचे मर्म’मध्ये हळूहळू, पसरून, पेरले.

त्यांच्या मुलाने लिहून ठेवले आहे की इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेवरचे प्रकरणही त्याच काळात तयार होते, आणि ते रोमबरोबर छापण्याचा त्यांचा विचार होता. तेच ते सत्ताविभाजनाचे प्रसिद्ध प्रकरण. आता तीन तुकडे एकत्र ठेवा. पहिला: रोमने जग जिंकले आणि जिंकण्यानेच स्वातंत्र्य गमावले. दुसरा: आजच्या युरोपात तसे जिंकणे शक्यही नाही, इष्टही नाही. तिसरा: मोठ्या राज्यात स्वातंत्र्य राखायचे तर सत्तेने सत्तेला अडवले पाहिजे, आणि अशी एक व्यवस्था समुद्रापलीकडे चालू आहे. हे एकच पुस्तक होते. 1734 च्या भीतीने त्याचे तीन तुकडे झाले. पहिला अ‍ॅम्स्टरडॅमहून बिननावी निघाला, दुसरा घरात दडला, तिसरा चौदा वर्षे थांबला. पहिलाच तुकडा ज्यांच्या हाती आला, त्यांना वाटले हे प्राचीन इतिहासावरचे एक विद्वत्तापूर्ण, थोडे तुटक पुस्तक आहे. पॅरिसच्या दिवाणखान्यांत ‘पर्शियन पत्रे’ हा माँटेस्क्यूंचा उत्कर्ष आणि रोम हा ऱ्हास, अशी कोटी फिरली, असे सांगतात. तुकडा वाचून पूर्ण पुस्तकाची चेष्टा झाली, याचे मला आजही वाईट वाटते.

पण वाचक मिळाले. त्याच वर्षी लंडनमध्ये इंग्रजी भाषांतर निघाले. प्रशियाचा फ्रेडरिक दुसरा हे पुस्तक हाती लेखणी घेऊन वाचत असे. त्याने आपल्या प्रतीत केलेल्या टिपा पुढे 1879 मध्ये पॅरिसला छापल्या गेल्या. इतिहासकार गिबन माँटेस्क्यूंचा निस्सीम चाहता होता. त्याच्या रोमवरच्या महाग्रंथाचा पहिला खंड 1776 चा. मात्र गिबनने साम्राज्याच्या पडझडीपासून सुरुवात केली. माँटेस्क्यूंसाठी पडझड त्याच्या आधीच, प्रजासत्ताकाच्या अंगणात, सुरू झाली होती.

उणिवा आहेत. राजांच्या काळातल्या दंतकथांवर त्यांनी विश्वास ठेवला. चारच वर्षांनी, 1738 मध्ये, लुई द बोफोर याने रोमच्या पहिल्या पाच शतकांचा इतिहास किती डळमळीत आहे हे दाखवले. पाँपेईचे उत्खनन सुरू झाले 1748 मध्ये. उत्खननातल्या वस्तू त्यांच्या हाती नव्हत्या, मुख्यतः ग्रंथ होते. आणि गुलाम. कानीनंतर विकत घेतलेले आठ हजार, इटलीच्या मळ्यांवर राबणारे लाखो: त्यांच्या श्रमावर ते राज्य उभे होते, आणि या पुस्तकात ते जवळजवळ दिसतच नाहीत. ‘कायद्यांचे मर्म’मध्ये त्यांनी गुलामगिरीवर जी जळजळीत टीका केली ती इथे असती, तर जमिनीच्या वाटणीवरचे तिसरे प्रकरण वेगळेच झाले असते. लहान शेतकऱ्याची जमीन गेली ती नुसती विकली गेली म्हणून नव्हे; मळेवाल्याला फुकट राबणारे हात लढायांनीच पुरवले म्हणूनही गेली.

1748 मध्ये माँटेस्क्यूंनी स्वतः सुधारून, भर घालून नवी आवृत्ती पॅरिसला काढली. आज जगभर छापला जातो तो बहुतेक हाच मजकूर, आणि तो चांगलाच आहे. पण कोणी हे पुस्तक मराठीत आणायचे मनावर घेतले, तर माझी त्याला कळकळीची विनंती आहे. 1748 चा मजकूर घ्या, पण चार्ल्स आणि जेम्सवरची ती तळटीप तिच्या जागी परत बसवा. तेविसाव्या प्रकरणानंतर पुस्तक संपवू नका. सार्वभौम राजेशाहीवरचा दडवलेला निबंध लगेच पुढे छापा, आणि त्यामागे ‘कायद्यांचे मर्म’मधले इंग्लंडवरचे प्रकरण. मधे प्रस्तावना घालू नका, टिपांचा भार नको. वाचकाने रोमच्या शेवटावरून सरळ चौदाव्या लुईच्या युरोपात यावे आणि तिथून वेस्टमिन्स्टरला, जसे 1734 मध्ये लेखकाच्या मनात होते तसे.